मालनवहिनीची पिशवी आणि गिरगावचं मशीन

मी रखमा. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात आया म्हणून राबले. पू, रक्त, ओकाऱ्या, सगळं या हातांनी पुसलं आणि दुपारी त्याच हातांनी डबा खाल्ला. मला सहसा किळस येत नाही. तरी आयुष्यात एकदा किळस आली, ती गिरगावातल्या एका लखलखीत घरामुळे. त्या घरात माझी मालनवहिनी शिवायला जायची.

मालनवहिनी म्हणजे माझ्या दगडूदादाची बायको. दादा गिरणीत होता. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली. वहिनीच्या हातात कसब होतं, पण घरात शिलाई मशीन नव्हतं. मग ज्यांच्या घरी मशीन असे त्यांच्याकडे जाऊन ती शिवायची. सकाळी गिरगावात मृणालिनीबाईंकडे ब्लाउज-परकर, दुपारनंतर हिंदमाता टॉकीजजवळ कुशाबा शिंप्याच्या दुकानात काज-बटण आणि तुरपाई. मशीन त्यांचं, बाकी सगळं हिचं. ते सगळं घेऊन ही रोज ट्रामने इकडून तिकडे.

दादाने गिरणीतून आणलेल्या खाकी तुकड्यांची तिने एक पिशवी शिवली होती. तशी पिशवी मी पुन्हा कुणाकडे पाहिली नाही. आत कप्पेच कप्पे. कात्रीला जाड कापडाचं म्यान, टेपला गोल खिसा, सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेल्या. तेलाची कुपी सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे सांडली तरी कापडाला डाग नको. बॉबिनची डबीसुद्धा तिची स्वतःची होती. खालच्या दोऱ्याचं रीळ जिच्यात बसतं ती एवढीशी लोखंडी डबी, पण ती बिघडली की टाके सुटतात, म्हणून परक्या मशीनला ती आपलीच डबी लावायची आणि निघताना काढून घ्यायची. अंधारातसुद्धा हात घालून हवी ती वस्तू काढायची बाई. आमच्या खोलीत इतकी शिस्त कधी नव्हती, आणि त्यावरून मी तिला चिडवायची.

कुशाबाच्या दुकानात त्या पिशवीला भिंतीवर खिळा होता. कुशाबाने स्वतः ठोकून दिला होता. गिरगावात मात्र पिशवी घराबाहेर, गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या दाराशी. का, ते कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आम्ही नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, ते बाईंना ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. खडू हवा, ऊठ, बाहेर जा. पेचकस हवा, ऊठ, बाहेर जा. शेवटी वहिनीने कमरेला बांधायचा एक बटवा शिवला आणि कामाला लागेल ते दारातच त्यात भरून ती आत जाऊ लागली. मला हे कळलं तेव्हा मी तिला वेडी म्हटलं. माणसाच्या हातचं शिवलेलं अंगाला चालतं, आणि त्याची कात्री संडासापाशी?

पण बाईंनी वहिनीला एक शब्द दिला होता. पायाने चालवायचं नवीन मशीन घेतलं की हे जुनं, हाताने फिरवायचं, लाकडी पेटीतलं मशीन मालनचं. त्या शब्दावर वहिनी सगळं गिळत होती. घरात मशीन आलं की ट्राम नको, संडासाचं दार नको, कुणाची पायरी नको. रात्री कप्पे लावता लावता ती खिडकीखालची जागा बघायची. तिथे पेटी बसेल का, हे तिने वितीने मोजून ठेवलं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमची अख्खी चाळ मोर्चाला जायची, मीही ड्यूटी बदलून गेले होते. राज्य आम्हालाही हवं होतं. मृणालिनीबाई तर महिला मंडळाच्या पुढारी. गिरगावातल्या सभांत त्या माइकवरून सांगायच्या की आता जात नाही, पात नाही, आपण सारे मराठी. मोर्चाचे झेंडे आणि पट्ट्या त्यांनी वहिनीकडूनच शिवून घेतल्या. ऐकताना मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या झेंड्यांच्याच दिवसांत मशीन रुसायला लागलं. दोरा तुटे, चाक जड जाई, आत गंज दिसे. वहिनी आपल्या कुपीतलं तेल घालून घालून थकली. बाई म्हणायच्या, मालन, तुझा हात जड आहे, चांगलं मशीन खराब करतेस. आणि वहिनीच्या हाताला एक उग्र वास येऊ लागला. तिला वाटे, पिशवी संडासापाशी असते म्हणून. ती पिशवी साबणाने चोळून चोळून धुवायची.

मग एक दिवस जिना उतरताना तिने सवयीने कप्पे चाचपले. डबीचा कप्पा रिकामा. डबी मशीनमध्येच राहिली होती. ती परत वर गेली. दार लोटलेलं होतं. आत मृणालिनीबाई तांब्यातलं गोमूत्र तुळशीच्या डहाळीने मशीनवर शिंपडत होत्या. चाकावर, सुईवर, सुईखालची पट्टी सरकवून आतसुद्धा. वहिनीला बघून त्या जराशा थबकल्या आणि म्हणाल्या, अगं, सासूबाईंच्या समाधानासाठी करावं लागतं, मी कुठे मानते असलं काही.

सासूबाई दिवाळीपासून नाशिकला थोरल्या मुलाकडे होत्या.

वहिनीने डबी काढून घेतली. कप्प्यात नाही ठेवली. पदराच्या टोकात धरून घरी आणली, वाटीत रॉकेल घेऊन त्यात टाकली आणि मग मला सांगितलं. मला मोरीवर जाऊन ओकावं लागलं. गाईच्या मुताची मला किळस नाही, जनावर आहे ते. महिनोन्‌महिने ही मालनवहिनी त्या ओल्या लोखंडावर बोटं ठेवून त्यांच्या लेकींचे ब्लाउज शिवत होती, आणि त्या तिला हात जड म्हणत होत्या, ते माझ्या घशाखाली उतरेना. ब्लाउज धुतले का त्यांनी? नाही. झेंड्यांवर शिंपडलं का? नाही. शिवून झालेलं सगळं शुद्ध, शिवणारी तेवढी अशुद्ध. हा कुठला धर्म, ते मला आजवर समजलेलं नाही.

मी म्हटलं, उद्यापासून त्या घराचं तोंड बघायचं नाही. वहिनी वाटीतली डबी हलवत राहिली.

"मला त्यांचं मन नकोय, रखमे," ती म्हणाली. "मला मशीन हवंय. त्याच्यासाठी मी राबलेय."

मला तिचाही राग आला. इतका की मी काही दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती जात राहिली. पण आता बटव्यात एक रॉकेलचं फडकं असायचं. शिवायला बसण्याआधी ती मशीन पुसून घ्यायची, बाईंच्या समोर. एक शिंपडायची, दुसरी पुसायची, आणि मधल्या वेळात ब्लाउज तयार व्हायचे. असल्या घरात मला कुणी सोन्याची सुई दिली असती तरी मी गेले नसते.

राज्य झालं त्या मे महिन्यात महिला मंडळाने गिरगावातल्या एका हॉलमध्ये समारंभ ठेवला. बाईंकडे नवीन मशीन आलं होतं. शब्द पाळायचा तर मशीन घरीच देता आलं असतं. पण नाही, त्यांना ते स्टेजवर द्यायचं होतं, फोटोवाला बोलावून. मशीनला हळदकुंकू, फुलं, झेंडूचा हार. आमची भगिनी मालन, असं म्हणत त्यांनी वहिनीला वर बोलावलं. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी मागच्या बाकावर बसले होते. मला भीती होती की वहिनी आता वाकून नमस्कार करील. मशीनसाठी ती तेही करील असं मला वाटलं.

वहिनी वर गेली, खांद्याला ती खाकी पिशवी. तिने हात पुढे केले नाहीत. बाईंच्या हातातला माइक दोघींच्या मधेच होता, त्यामुळे ती जे बोलली ते हॉलभर ऐकू गेलं.

"मशीन मी नेते, बाई. पण तुमच्या घरातून आलंय. आधी खाली चाळीच्या नळावर रॉकेलने धुईन, मग आमच्या घरात घेईन."

पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या, त्यांना वाटलं कामसू बाई आहे. बाईंना हसता येईना.

"अगं, स्वच्छच आहे ते," त्या म्हणाल्या. "मी रोज..."

आणि तिथेच त्या थांबल्या. माइक तोंडाशी तसाच होता.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. तिने हार काढून टेबलावर ठेवला, पेटीची कडी धरली आणि मशीन उचललं.