गेम जपानी झाला तो रविवार

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आठवीनंतर शाळा सुटली. शब्दही साधेच, कारखान्यात लागतात तेवढे. पण आमच्याकडे टॉवेलच्या मागांखाली सकाळी झाडलं तरी संध्याकाळी कापसाचा थर असतोच. आमच्या चौघांचे किस्से तसेच साचलेत. कधीतरी काढायला हवेत.

चौघं म्हणजे व्यंकटेश, बसू, सलीम आणि मी, सिद्धू. व्यंकटेश बी.कॉम. झालेला, ऑफिसात कॉम्प्युटरवर. बसू अक्कलकोटचा, माग दुरुस्त करतो. सलीम पॅकिंगला. मी डिझाइन खात्यात ग्राफ कागदावर नक्षीचे चौकोन भरतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइलवर ॲनिमेचा एक गेम खेळतो. मोठ्या डोळ्यांची पात्रं, तलवारी, राक्षस. आमच्या टीमचं नाव 'सोलापुरी चादर'. टीममध्ये जागा चारच.

गेममध्ये भाषा निवडता येते. आवाज एका भाषेत, अक्षरं दुसऱ्या भाषेत. जपानी, इंग्रजी, चिनी, कोरियन. मराठीचं नाव नाही.

*

बसूनं पहिल्याच आठवड्यात चारही भाषांचे आवाज डाउनलोड केले. का, तर फुकट आहेत म्हणून. एकेक भाषा उतरायला तासभर, आणि फोन गच्च भरला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या बहिणीचा साखरपुडा. फोटो काढायचं काम बसूकडे. नवरदेवानं अंगठी बोटापर्यंत नेली आणि बसूच्या फोननं सांगितलं, जागा शिल्लक नाही. हॉलमध्ये सगळे तसेच थांबले. नवरदेवाचा हात हवेत. शेवटी बहीणच म्हणाली, "अण्णा, काढ की फोटो."

बसू मान वर न करता म्हणाला, "थांब गं, आधी कोरियन काढतोय."

*

सलीमचं गेममधलं पात्र म्हणजे एक मुलगी, ती प्रत्येक वाराला जपानीत ओरडते. सुट्टीच्या दिवशी तो घरी खेळत बसला होता आणि शेजारच्या खोलीत त्याची अम्मी मशीनवर शिवत होती. दुपारपर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग मशीन थांबवून म्हणाली, "क्या रे, वो छोकरी सुबे से चिल्लारी. उसकू पानी तो पूछ."

तेव्हापासून सलीम घरी चिनी आवाज लावतो. चिनी मुलगी जरा हळू ओरडते म्हणे.

*

गेमच्या गोष्टीतलं इंग्रजी वाचून सांगायचं काम व्यंकटेशचं. एकदा म्हातारा राजा मरता मरता बोलायला लागला. पाच स्क्रीन भरून अक्षरं. व्यंकटेशनं सगळं वाचलं आणि सांगितलं, "'दिवस वाईट आलेत, पण तुम्ही मागं हटू नका,' म्हणतोय."

बसू डबा पुसत म्हणाला, "आपले शेठ दिवाळीच्या आधी हेच बोलत्यात की."

*

आता माझं. मला इंग्रजी वाचता येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेममधली नोटीस वाच म्हटलं की माझा फोन चार्जिंगला असायचा.

मग खेळायचो कसा? आमचे डिझाइन मास्तर नक्षी बोलून सांगतात, "वरून चौथी ओळ, डावीकडून नऊ, लाल." मी भरत जातो. गेमचा स्क्रीनही मी तसाच पाठ केला. कुठल्या ओळीत कितवा चौकोन, रंग कोणता, दाबल्यावर काय होतं. अक्षरांकडे कधी बघितलंच नाही.

पण मी नोटीस न वाचल्यामुळे आम्ही दोनदा हरलो. व्यंकटेशनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सिद्धू, रविवारी पुण्याच्या कॉलेजच्या पोरांबरोबर मॅच हाय. ह्या वेळी घोळ केलास तर तुझ्या जागी माझा मावसभाऊ येईल, जुळे सोलापूरचा. तो वाचतो तरी."

मी बरं म्हणालो. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. दिवसभरात ह्या तिघांशीच काय ते माझं बोलणं.

*

रविवारी चार वाजता आम्ही व्यंकटेशच्या गच्चीवर बसलो. सकाळीच गेमचा नवा अपडेट आला होता. मॅच सुरू झाली. मी खाली मान घालून खेळत होतो. बाकीचे तिघं मारायचे थांबलेत हे मला उशिरा कळलं. व्यंकटेशला घाम फुटला होता. बसू बोट नाचवत होता, पण दाबत काहीच नव्हता.

"सगळं जपानी झालंय," सलीम म्हणाला.

मी मान वर केली. "कधी?"

"कधी म्हणजे? सुरुवातीपासून."

व्यंकटेशनं माझा फोन ओढून घेतला. माझ्याही फोनवर सगळी जपानी अक्षरं. आणि पुण्याचे चारपैकी दोन गडी माझ्या हातून पडलेले. त्यानं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्याला कळलं. जागा गेली, असंच वाटलं.

भाषा बदलायची तर गेम बंद करून परत तासभर डाउनलोड. मॅच संपायला दहा मिनिटं होती. व्यंकटेशनं फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "सांग. काय दाबू?"

मी मास्तरांसारखं बोलायला लागलो. "बसू, वरून दुसरी ओळ, उजवीकडून तिसरा, निळा. सलीम, खालची ओळ, डावीकडून दुसरा. थांब. आता दाब. व्यंकटेश, वाचत बसू नको, रंग बघ." इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात बोललो नव्हतो. खालून व्यंकटेशची आई बघायला आली, कोण भांडतंय म्हणून.

पुण्याचे उरलेले दोघं नुसते उभे होते. त्यांचंही जपानी झालं असणार, ते बहुतेक वाचत होते.

शेवटचा गडी पडला. जपानी अक्षरांच्या गर्दीत सगळ्यात वर आमचं नाव आलं, मराठीत, 'सोलापुरी चादर'. बसूनं मला उचलूनच घेतलं.

व्यंकटेशनं तिथूनच मावसभावाला फोन लावला. "तू राहू दे रे. आमच्याकडं जपानीतला माणूस हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी तिघांचे फोन घेतले आणि चौकोन मोजत एकेकावर इंग्रजीचं डाउनलोड लावून दिलं. माझा जपानीतच ठेवला.