फेकलेल्या मडक्यांतलं बी

बायको गेली त्या उन्हाळ्यात माझं घरात मन लागत नव्हतं. खाटेवर टेकलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं ते समजत नसे. मी चौथी शिकलेला माणूस. दुःख कसं लिहितात ते मला येत नाही. बियाचं काय झालं ते सांगतो.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातली मातीची मडकी बाहेर टाकतात. भाऊबंदांनी रीतीप्रमाणे पाण्याचा माठ काढला, दुधाचं गाडगं काढलं, आणि कोनाड्यातली शेणानं तोंड लिंपलेली मडकीही नेऊन नाल्यात फोडली. त्यांत बी होतं. राखेत घोळलेली ज्वारी, अंबाडी, चवळी. तिनं राखलेलं. मला कळलं तेव्हा तिथं डुकरं फिरत होती.

कापसाची पेरणी चालू असली की ती तिफणीमागे सरता धरून चाले. सरता म्हणजे बी सोडायची नळी. मधूनमधून दोन तासं, म्हणजे दोन ओळी, तिची असत, ज्वारी-अंबाडीची. वेचणीच्या बाया सगळ्यांत आधी आमच्या वावरात येत, कारण धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, त्यांना आमची भाकर आणि अंबाडीची भाजी मिळे. कापसाचा भाव पडला त्या सालीही आमची चूल बाजाराकडे तोंड करून बसली नाही.

मागं एकदा गाडीतून आलेल्या साहेबांनी पंचायतीत शाश्वत विकास समजावला. एकाच पिकावर राहू नका म्हणाले. बरोबर बोलले. मग संध्याकाळी संस्कृतीचा कार्यक्रम म्हणून पोरींना नाचवलं. या दोन गोष्टी यांनी वेगळ्या काहून ठेवल्या, ते मला आजही समजलं नाही.

पोरगा म्हणाला, यंदा नुसता कापूस. निंदायला बाया भेटत नाहीत, आणि मधात ज्वारी असली तर तणाचं औषध मारता येत नाही. पेरणीच्या आत आईचं बी आणलं तर दोन तासं सोडतो, नाही तर नाही. त्याचंही खोटं नव्हतं.

मी चालत सुटलो. तिनं ज्यांना बी दिलं होतं त्या बायांची दारं धुंडाळली. कोणी कापसाशिवाय काही पेरणं सोडून दिलं होतं, कोणाचं किडलं होतं. एकीनं चहा पाजला आणि माझ्याआधी तीच रडली. दिग्रसच्या दुकानात बुटकी हायब्रीड ज्वारी होती. ती नको होती मला.

शेवटी तांड्यावर गेलो. तिथली एक बंजारा बाई दरसाल आमच्या घरी येई, तीळ देई आणि ज्वारी नेई. तिच्या आढ्याला टांगलेली कणसं मी बाहेरूनच ओळखली. आमचीच होती. मी दुपट्टा पसरला.

ती जागची हलली नाही. "भाऊ, बी बाईच्या ओटीत पडते. माणसाच्या दुपट्ट्यात टाकलं तर माह्या घरचं खुटते."

"माही बाई मेली. ओटी कोठून आणू?"

"सून मेली काय?"

सून यवतमाळची, तिनं कधी सरता धरला नाही, असं मी म्हणालो. तर म्हणे, मी काय आईच्या पोटातून धरून आलती? मग तिनं बी आपल्याच पदरात बांधलं आणि माझ्यापुढं चालू लागली. वाटभर मला बोल लावत होती, मडकी फोडताना तुमचे डोळे कुठं होते म्हणून.

सून भाकरी थापत होती. बाईनं दारातूनच तिला पदर पसरायला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मामाजी, मले यातलं काहीच नाही समजत."

"मलेही नाही," मी म्हणालो.

तिनं पिठाचे हात पुसले आणि पदर धरला. बी ओतून झालं तरी बाई निघेना. बदल्यात तू काय देते, असं सुनेला म्हणाली. आमच्या घरात द्यायला एक दाणा उरला नव्हता. सून आत गेली आणि एक डबा घेऊन आली. भाजी चिरताना काढून वाळवलेल्या कोहळ्याच्या बिया होत्या त्यात. तिच्या माहेरच्या परसातलं कोहळं. हे ती ठेवते, मला माहीत नव्हतं. बाईनं एक बी दातानं फोडून पाहिलं आणि बाकीचं गाठीला बांधलं.

पेरणीला सूनच सरता धरून चालली. बी कुठं दाट पडलं, कुठं हातभर जागा मोकळी राहिली. पोरगा बैलांजवळून हसत होता. माझ्या बायकोच्या हातचं असं पडत नसे, हे मी तिला तोंडावर सांगितलं.

"मंग तुम्ही या मागून, अन् जिथं खाली राह्यलं तिथं टाका," ती म्हणाली, आणि मूठभर ज्वारी माझ्या हातावर ठेवली.