नलिनीवहिनी आणि आठ पायांचे परब्रह्म

देवघराचा कोपरा सकाळी झाडावा आणि संध्याकाळी तिथे पुन्हा जळमट दिसावे, तसे भजनी मंडळातल्या किश्शांचे असते. एक सांगून संपवावा, तर दुसरा लोंबकळू लागतो! सिल्व्हर पार्कमधील आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी भजन होते. रत्नागिरीचे सावंतबुवा पेटी वाजवतात, नलिनीवहिनी पुढे गातात आणि माझ्यासारखे टाळकरी मागे झेलतात. वहिनींचा आवाज हे आमच्या मंडळाचे वैभव. या वैभवाला शत्रू एकच, आणि तो म्हणजे कोळी. मग तो तांदळाच्या दाण्याएवढा का असेना!

यंदा भाईंदर गावातल्या एका जुन्या मंदिराने उत्सवात भजनासाठी आम्हाला प्रथमच बोलावले. आनंद झाला, पण जुने मंदिर म्हणजे कोपरे आले आणि कोपऱ्यांत काय असते, ते वहिनींना सांगावे लागत नाही. त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकले, "तिथे अभंग अर्धा टाकून उठले, तर पुन्हा पुढे बसणार नाही. मागे बसून टाळ्या वाजवीन." आमच्याकडे सुरू केलेला अभंग मध्येच सोडत नाहीत. वहिनी बोलल्या म्हणजे बोलल्या!

॰

त्यांना हे बोलण्याची वेळ का आली, तेही सांगतो. एका गुरुवारी गाणे ऐन रंगात असताना बंद पंख्यावरून एक कोळी धागा सोडत थेट त्यांच्या नाकासमोर उतरला. "विठ्ठला!" वहिनी किंचाळल्या.

आता मंडळाचा नियम असा, की पुढच्याने जे म्हटले, ते मागच्यांनी उचलायचे. आम्ही डोळे मिटून उचलले. "विठ्ठला! विठ्ठला!" गजर असा चढला, की वरच्या मजल्यावरची मंडळी खाली आली. डोळे उघडले, तेव्हा वहिनी लिफ्टपाशी उभ्या होत्या.

सावंतबुवा मला म्हणाले, "अण्णा, वहिनींचा वरचा सा आज पहिल्यांदा अगदी बरोबर लागला!"

॰

पुढे त्यांच्या दंडावर पुरळ उठले. "कोळी फिरला अंगावरून," असे निदान त्यांनीच केले. चंदन उगाळून झाले, तुळशीची माती लावून झाली. अखेर नया नगरातल्या डॉक्टरांकडे मी त्यांच्यासोबत गेलो. डॉक्टरांनी दंड पाहिला, चष्मा सारखा केला आणि विचारले, "काकी, ये ब्लाउज़ नया है क्या?"

"हो, नया है. जरीकाठाचा."

"तो मकड़ी बेचारी को माफ़ करो. ये ज़री घिसने से हुआ है."

वहिनी बाहेर येताच म्हणाल्या, "म्हणजे मला शिंप्यानं चावलंय!"

॰

वहिनींच्या सूनबाई ऋजुता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. भीती ज्ञानाने जाते, या श्रद्धेने त्यांनी एका गुरुवारी आरतीनंतर आम्हा सर्वांना समजावले. कोळी हा कीटक नव्हे. त्याला कान नसतात. पायांवरच्या बारीक केसांनी आणि जाळ्याच्या कंपनाने त्याला सारे कळते. जाळ्यात ऐटीत बसलेली मोठी दिसते, ती बहुधा मादी. नर लहानखुरा, आणि काही जातींत मादी त्याला खाऊनही टाकते.

सावंतबुवा पत्नीकडे पाहून म्हणाले, "म्हणजे आमचा संसार अगदीच वाईट नाही म्हणायचा."

॰

ज्ञान फळले नाही, म्हणून मनोरंजनाचा उपाय झाला. कोळ्यासारखा भिंतींवर सरसर चढणाऱ्या वीराचा चित्रपट दाखवायला ऋजुता सासूबाईंना मॉलमध्ये घेऊन गेल्या. वहिनींनी तो बोटांच्या फटींतून पाहिला.

"कसा वाटला हो?" मी विचारले.

"मुलगा गुणी आहे, अण्णा. पण एवढ्या इमारतींवर चढला, जाता जाता एकाही घराचं जळमट काढलं नाही!"

॰

शेवटी मीच निरूपणाला बसलो. म्हटले, "वहिनी, आपल्या पूर्वजांनी कोळ्याला केवढा मान दिला आहे! तो स्वतःच्या पोटातून सूत काढतो, त्यातच वावरतो आणि पुन्हा ते गिळतो. परब्रह्मही असेच आपल्यातून विश्व काढते आणि आपल्यातच सामावून घेते. कोळी दिसला, की परब्रह्म आठवावे."

वहिनींनी हात जोडले. "अण्णा, परब्रह्म निर्गुण आहे तोवर माझी काही तक्रार नाही. आठ पायांनी सगुण झालं, की मी उठले!"

॰

उत्सवाच्या दिवशी मंदिराचा सभामंडप भरला होता. गावकऱ्यांनी कोपरे लख्ख झाडले होते. छतालासुद्धा जळमट नव्हते. वहिनी निश्चिंत झाल्या. त्यांनी डोळे मिटून अभंग सुरू केला.

सावंतबुवांनी भाता जोरात ओढला आणि पेटीच्या फटीतून एक टपोरी कोळीण बाहेर आली. आमच्याच पेटीतून! सिल्व्हर पार्कहून ती आमच्यासोबतच आली होती. पट्ट्यांवरून चालत ती वहिनींच्या पदरावर गेली, पदरावरून मनगटावर. बुवांचा चेहरा पांढरा पडला, पण बोटे थांबली नाहीत. मी टाळ वाजवत होतो, की टाळ मला, कळेना.

पुढे बसलेल्या गावच्या आजींनी न राहवून हाक दिली, "बाय, हातावर बघ काय हाय!"

वहिनींनी डोळे उघडले. पाहिले. सूर थरथरला; आणि सवयीप्रमाणे मंडळाने तो थरथरलेला सूरही जसाच्या तसा झेलला! वहिनींनी एकवार मागे वळून आम्हा सर्वांकडे पाहिले. मग मनगट जागचे न हलवता दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला. उरलेली कडवी त्यांनी एकेक करून, सावकाश म्हटली. एकही गाळले नाही.

अभंग संपला. हात हळूच पेटीवर टेकवून त्या वाकून कोळिणीला म्हणाल्या,

"झालं हं, बाई. पण आरती राहिलीय. ती ऐकून जा."