करंजाखालचा दगड

बारामतीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी अर्धा तास मी मागच्या कॅनॉलच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली जाऊन बसायचे. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले, एसटीचे हॉर्न. पण रस्त्याचा भराव उतरला की सगळं पाठीमागं राहायचं. पाणी हळू सरकायचं, तारेवर खंड्या बसलेला असायचा. पुढं दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकायचीच असते. तो अर्धा तास माझा होता आणि मी तो कुणाला देणार नव्हते.

एके दिवशी तिथं एक म्हातारा दिसला. पांढरी टोपी, हातात काठी. झाडाभोवती फिरत होता आणि तोंडानं आकडे मोजत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. रस्ता रुंद होणार अशी कुणकुण होतीच, त्यामुळं मला लगेच शंका आली. उगाच कोण कशाला मोजत बसतंय? मी डोळे वटारून बघायचे, तर तो शांतपणे रामराम घालायचा. बनेल दिसतोय, म्हटलं मनात. चार दिवसांनी करंजाच्या आणि आसपासच्या झाडांच्या खोडांवर लाल रंगाचे आकडे उमटले आणि माझं डोकंच फिरलं.

अर्ज-बिर्ज यावर माझा काडीचा विश्वास नाही. माझं माहेर पळसदेवचं. आमच्याकडं बुंध्याशी शेंदराचा देव असला की त्या झाडाला कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही. दुपारी सामसूम बघून मी एक गोल दगड करंजाखाली मांडला, तेलात शेंदूर कालवून फासला, दोन फुलं वाहिली आणि साळसूदपणे मशीनवर येऊन बसले.

आठवड्याच्या आत तिथं नारळ फुटला. मग घंटा आली, पत्र्याचं छप्पर आलं, आणि पहाटेपासून स्पीकर. लाल आकड्याची बाकीची झाडं रस्त्यासाठी तोडली गेली, करंज तेवढा राहिला. खंड्या काही परत दिसला नाही.

एका सकाळी म्हातारा तिथं एका बाजूला नुसताच उभा होता. मी खोचकपणे विचारलं, "काय तात्या, मोजणी थांबली वाटतं?"

"कसली मोजणी? गुडघ्याचं आपरेशन झालंय माझं. डाक्टरनी शंभर फेऱ्या सांगितल्यात. हितं सावली हाय, निवांत हाय, म्हणून येत हुतो. आता फिराय लागलो की चार बाया मागनं प्रदक्षिणा घालत्यात. नवस कसला, म्हणून इचारत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणी मांडला असंल वो हा दगड?" त्यानं विचारलं.

"लोकांचं काय खरं नाही, तात्या."

"व्हय. तुमची बी बसायची जागा गेली की, ताई."

काठी टेकत तो भराव चढला आणि ट्रॅक्टरच्या धुरातून रस्त्याच्या कडेनं आकडे मोजत निघाला. माझ्यावर त्यानं एवढासाही संशय घेतला नाही.