ज्याची बादली, त्याचा हात

बाईंनी चहाचा कप मृणालच्या हातात दिला आणि बादली माझ्या पायाशी सरकवली.

ओल्या कचऱ्याची बादली. दोन दिवसांचा भात, आंबलेलं वरण, पोळ्यांची चवड, चहाचा चोथा. आणि त्यातच कोंबलेलं बाळाचं डायपर. बाईंच्या ओसरीवर कॉलनीतल्या दहाबारा बायका सतरंजीवर बसलेल्या. ओला-सुका कचरा वेगळा कसा ठेवायचा, उरलेलं अन्न फेकण्याऐवजी त्याचं घरीच खत कसं करायचं, हे शिकवायला नगरपरिषदेनं आम्हाला पाठवलं होतं. दोघींना. एकाच पदावर.

"आडनाव काय म्हणालीस तुझं?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग तूच दाखव ना हात घालून. तुला सवय असेल."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मृणाल हातातल्या पत्रकाकडं बघत राहिली. ते पत्रक मी लिहिलं होतं.

मी हात घातला.

हे सांगताना आजही जीभ अडते. बाई तसं बोलल्या म्हणून नाही. मी घातला म्हणून.

मृणाल आणि मी धाराशिवला एकाच कॉलेजात होतो. दोघी बीएस्सी. मार्क मला जास्त. खताचं तिला काही कळत नव्हतं. पाला किती घालायचा, शिळं अन्न किती, ओल किती, वास कशानं मरतो, हे सगळं मी तेरला मामाच्या शेतात करून बघितलेलं. पण तिचे वडील आमच्या गावच्या नगरपरिषदेत हेडक्लार्क. माझी आई त्याच नगरपरिषदेत ठेक्यावर, कचऱ्याच्या गाडीवर. कार्यक्रमाचे साहेब होते, त्यांना मृणाल काका म्हणायची. मी सर म्हणायचे.

मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू? तिची नखं बघून जळायचे. तिला कुणी "बसा" म्हणालं की तो शब्द मला दिवसभर सलायचा. पाणी मागितलं की तिला ट्रेमधून ग्लास यायचा, मला अंगणातल्या नळाकडं बोट. त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. जुन्या विचारांच्या आहेत त्या." बाईंच्या बोलण्याहून मला तिची ती दया जास्त झोंबली. कपभर चहा पोटात असला की दया करायला काय जातंय?

मग मी तिच्यासारखी व्हायला लागले. "न्हाय"चं "नाही" केलं, "व्हय"चं "हो" केलं. ओढणी तिच्यासारखी एका खांद्यावर. आडनाव सांगायचं सोडलं. आई म्हणायची, "काय गं, घरात पावण्यावाणी बोलतीस?" मोठ्या कार्यक्रमात मृणाल ज्याच्यावर बोलायची, तो माइक मी साहेबांकडं मागितला. परत मागितला. मृणालच्या साखरपुड्याच्या दिवशी मिळाला, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

नवी कॉलनी. मोकळ्या प्लॉटवर मांडव. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं. एका काकूंनी खुर्ची दिली. "मॅडम, चहा घ्या." मॅडम! कपबशी चिनीमातीची. मी तो चहा सावकाश प्याले, संपू नये म्हणून. बोललेही चांगलं. शेवटी कुणीतरी घरची बादली आणून पुढं ठेवली. करून दाखवायची वेळ आली आणि माझा हात पुढं होईना. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती. गाडीशी आई होती, नारिंगी जाकीट घालून. तो तिचाच वॉर्ड. मला माहीत होतं.

मी माइकमधून म्हणाले, "मावशी, जरा इकडं या. तुम्ही काढून दाखवा. तुम्हाला सवय आहे."

आई आली. माझ्याकडं बघितलं नाही. आपण हिच्या कुणी नाही, हे तिनं माझ्यासाठी नीट सांभाळलं. हातमोजे फाटलेले होते. भातात फुटका ग्लास होता. बोट कापलं, ते तिनं मुठीत दाबलं आणि दुसऱ्या हातानं निवडत राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला.

संध्याकाळी ती बोटाला चिंधी बांधून भाकरी थापत होती. मला वाटलं शिव्या देईल.

"माइकमधनं आवाज लई चांगला येतो तुझा," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. "त्या मृणालवाणीच बोललीस. तसंच."

एवढंच. मला इतके महिने जे पाहिजे होतं, ते मिळालं होतं. हात कुणाचाच बादलीत जाऊ नये, असं मला कधी वाटलंच नव्हतं. माझा जाऊ नये, एवढंच वाटत होतं. मग दुसऱ्या कुणाचा जाणार? आईचाच की. मी तिच्या हातातलं पीठ ओढून घेतलं आणि राहिलेल्या भाकरी केल्या. माफी मागायची छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात परत त्याच बाईंची ओसरी. त्याच बायका. मृणालही आली, बोटात नवी अंगठी. बाईंनी बादली माझ्याकडं सरकवली.

मी मागं सरले. "बाई, हात तुम्ही घाला. कुठलं कुठं टाकायचं ते मी सांगते."

"म्हणजे?"

"कचरा तुमच्या घरचा हाय."

हाय. तोंडातून आपसूक आलं. मी ते बदललं नाही.

"मी नगरपरिषदेत फोन करीन," बाई म्हणाल्या.

"करा. नंबर पत्रकावर हाय. खालच्या ओळीत."

तेवढ्यात मृणाल उठली, बाह्या वर सारल्या. "राहू द्या, मी करते."

मी तिचं मनगट धरलं. "तू पण न्हाय."

तिनं हात घातला असता तर ती मोठ्या मनाची ठरली असती आणि मी उर्मट. तेवढंही मी तिला मिळू दिलं नाही. ही जळकी गोष्ट आहे, मान्य. पण बाईंचा हात तेव्हाही कोरडाच राहिला असता, हेही खरं. बादली तशीच पडून राहिली. बायका एकेक करून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कोरा कागद पुढं केला. "माफीनामा लिही. विषय संपव."

मी लिहिलं: मिसळलेला कचरा गाडीवरच्या बायका हातानं निवडणार नाहीत. घरातल्यांनी तो स्वतः वेगळा करून द्यावा. नाही दिला तर बादली उचलली जाणार नाही. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

साहेबांनी वाचलं. "तुझी मुदत महिनाअखेर संपते, माहीत आहे ना?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढं काही गोड झालेलं नाही, माझी मुदत वाढली नाही. बाईंनी ती बादली मागच्या प्लॉटवर ओतून दिली, डुकरं आली. कार्यक्रम आता मृणाल एकटीच घेते. माझंच पत्रक वाचते. लोक तिला बसा म्हणतात. मी अजून जळते. पण तिची खुर्ची मला आता नको.

त्या कागदाची नक्कल मी आमच्या गल्लीत नेली, गाडीवरच्या बायकांना वाचून दाखवली. दोघी घाबरल्या, सही न करताच गेल्या. बाकीच्यांनी केली. पहिली आईनं.

"ठेकेदारानं काढलं तर?" मी तिला विचारलं.

"काढू दे. मग गाव कोण झाडतंय ते बगू."

सोमवारी गाडी बाईंच्या गल्लीत जाणार आहे. मी गाडीसोबत चालत जाणार आहे. मिसळलेली बादली आली तर झाकण लावून त्यांच्या उंबऱ्याशी परत ठेवणार. मंगळवारी परत. बुधवारी परत. वास त्यांच्याच घरात राहील.