ताईंच्या तोंडातले दिवे

भावाचा फोन शेजारच्या दुकानात आला. "सुमनताई गेल्या..." त्यानं सांगितलं. मी इकडे सुरतेत, ताई जळगावला. शेवटचं बघणंही झालं नाही. आता महिना होत आला. सातवीतून शाळा सुटलेली मी, लिहायला भीतीच वाटते. पण माझ्या लेकीची, कविताची वाचा ज्यांनी मोकळी केली, त्यांच्याविषयी मी नाही लिहायचं तर कुणी?

तेव्हा आम्ही अमळनेरजवळच्या खेड्यात होतो. सहा वर्षांच्या कविताच्या तोंडी 'क'च्या जागी 'त' यायचा. स्वतःचं नावसुद्धा 'तविता'. पोरं चिडवायची. हळूहळू ती बोलेनाशीच झाली. शाळेत नाव विचारलं की मान खाली. पोर अशीच गप्प राहिली तर... या धास्तीनं मी भेटेल त्याला उपाय विचारत होते. मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या ताईंचं नाव कळलं, तशी कविताला आणि सासूबाईंना घेऊन मी जळगावची एसटी धरली.

ताईंनी मुंबईहून थोड्या दिवसांसाठी एक यंत्र आणलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडून कविताच्या टाळूचं माप घेऊन त्यांनी एक पातळ पट्टी करवून घेतली. तिच्यावर बारीक ठिपके, त्यांना केसासारख्या तारा. जीभ टाळूला जिथं टेकेल, तिथला दिवा समोरच्या पेटीवर लागायचा. तारा बघून सासूबाई उठल्याच. "अवो बाई, पोरना तोंडमा तारा कसाले? करंट लागी जाई!" कवितानं तर दात घट्ट मिटून घेतले.

"बरं अक्का, आधी मलाच लागू दे करंट," म्हणत ताईंनी स्वतःच्या मापाची पट्टी टाळूला बसवली आणि बोलायला लागल्या, तर पट्टीमुळे त्यांचंच बोलणं बोबडं! कविता टकमक बघत राहिली आणि खुदकन हसली. इतके दिवस लोक तिला हसायचे...

"हसतेस होय गं? आता तू दाखव बोलून!"

तिनं तोंड उघडलं.

'क' म्हणताना ताईंचे मागचे दिवे लागायचे, कविताचे पुढचे. "जिभेला मागच्या दारानं धाड," ताई सांगायच्या. आम्ही जात राहिलो. एके दिवशी मागची ओळ उजळली. "लागना वं दिवा, लागना!" सासूबाई आनंदानं ओरडल्या. कवितानं दिव्यांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "कविता."

आता ती नववीत आहे. परवा आमच्या चाळीतली बोबडी पिंकी हिच्यापुढे बसली होती, ओठ घट्ट मिटून. हिच्या हातात आरसा. मी आत पोळ्या लाटत ऐकत होते.

"बरं, नको उघडू," कविता म्हणाली, "आधी माझी जीभ बघ."