कुठे? नेमकं लिहा

नेरच्या बाजूला, कपाशीच्या शेतांत वाढलेली मी, बदली होऊन झरी जामणीतल्या एका जंगलातल्या गावी सातवीला मराठी शिकवायला आले. मुलांना "माहिती मिळवा आणि लिहा" म्हटलं की ती घरच्या मोबाइलवरून पानंच्या पानं उतरवून आणायची. माझं डोकं फिरायचं. शेवटी मी नियम केला. घरातल्या माणसाला विचारायचं, नेमकं लिहायचं आणि कोणी सांगितलं ते खाली नोंदवायचं. मोघम लिहिलं तर वही परत.

वर्गातल्या एका कोलाम आदिवासी मुलीने टेकोड्यांवर, म्हणजे पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या अळिंबीवर, चार ओळी लिहून आणल्या. पहिलीच ओळ होती, "टेकोडे रानात सापडतात." मी समासात लाल पेनाने लिहिलं, "कुठे? नेमकं लिहा."

दुसऱ्या खेपेला दोन पानं आली. नाल्याच्या कोणत्या वळणावर, पडलेल्या ऐनाच्या झाडापासून किती पावलांवर, कोणत्या वारुळापाशी आधी उगवतात, पावसानंतर कितव्या दिवशी. सोबत नकाशा. तळाशी : माहिती सांगणारी व्यक्ती, माझी आजी. इतकं स्वच्छ लिहिलेलं मी त्या वर्गात वाचलं नव्हतं. मी हुरळून गेले. दोन्ही पानं व्हरांड्याच्या भिंतीवर लावली आणि शनिवारी पालकसभेला आलेल्या एकेकाला धरून धरून दाखवली.

सोमवारी नातीला घेऊन आजीच शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं, पण नकाशा कळत होता. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "हे काढून द्या, बाई."

"आजी, अख्ख्या वर्गात हिनेच सगळ्यात चांगलं लिहिलंय."

"चांगलं लिहलं म्हणूनच तं काल लोक बराबर तिथं पोचले. टेकोडे नेले, वारूळ सब्बलनं खोदून टाकलं. आता काही निंगत नाही तिथं."

दर पावसाळ्यात हे घर तिथलेच टेकोडे बाजारात नेऊन विकायचं, हे मला तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली. चुकलं, चुकलं, असं मी दोन-तीनदा म्हणाले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

"म्या हिले सांगतलं होतं," ती म्हणाली, "गावाले नाही. अजून लय सांगाचं हाये. आता पुढचं हिले सांगू का नको, तुमीच सांगा."

मुलगी खाली पाहत उभी होती. सांगा म्हणावं, तर ते उद्या माझ्याच लाल पेनाखाली येणार. नको म्हणावं, तर मी तिथे शिकवायला आले होते ते काय? मी भिंतीवरची पानं काढून तिच्या हातात दिली. आजीने त्यांची घडी करून कमरेला खोचली आणि ती गेली.

तेव्हापासून माझा गोंधळ काही सुटत नाही. नेमकं लिहायला शिकवणं चूक कसं असेल? आणि चूक नसेल, तर त्या भिंतीकडे मला बघवत का नाही? सोबतच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "पुस्तकातलेच विषय देत जा न, मॅडम. कायले डोक्याले ताप?" कदाचित त्यांचंच बरोबर असेल.

पुढचा विषय आधीच देऊन ठेवला होता, रानभाज्यांचा. त्या मुलीने वही आणली. वर शीर्षक, तळाशी "माहिती सांगणारी व्यक्ती", आणि मध्ये सगळं कोरं.

"आजीला विचारलं नाहीस?"

"इचारलं, मॅडम. आजी म्हणे, मॅडमलेच इचार."

मला रानभाज्यांतला रस्त्याच्या कडेला उगवणारा तरोटा तेवढा ओळखता येतो. तिने वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि मी काय सांगते ते लिहून घ्यायला ती उभी राहिली.